मागचे चार दांडे आणि एक जबाब

खाली सही करणारी मी, वय वर्षे एकाहत्तर, ट्रक तोलायच्या वजनकाट्यावरच्या कारकुनाच्या नोकरीतून निवृत्त, विधवा, राहणार याच घरात, हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी आज सकाळी तपासून तसा दाखला दिला आहे, तो मागे टाचला आहे. मला कोणी पढवलेले नाही, धमकावलेले नाही, गोड बोलून माझ्याकडून काही काढून घेतलेले नाही. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात सर्व काही माझ्या नणंदेच्या मुलाला दिले होते. ते आजपासून रद्द समजावे.

वकीलबाई म्हणाल्या, "कारणं लिहायची गरज नसते. कोणाला काय, एवढंच लिहा." मी म्हटले, कारणे मी लिहिली नाहीत तर मागे राहिलेले लोक आपापली घालतील. त्यावर त्यांनी मला जास्तीचे कागद दिले.

कलम पहिले. घर.

दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागची पत्र्याची शेड आणि तिच्यापुढची फरशी, हे सर्व मी माझ्या सख्ख्या धाकट्या भावाला देते. तो कुलपे दुरुस्त करतो, किल्ल्या बनवतो. हा तोच भाऊ, ज्याच्याशी मी सत्तावीस वर्षे बोलले नाही आणि ज्याच्या हातून माझी मुलगी गेली असे दोन्हीकडच्या नातेवाइकांना माहीत आहे. जे माहीत आहे ते चूक आहे. म्हणून हे कलम लांबणार.

माझे पती बसच्या आगारात तपासनीस होते. दुरुस्त होऊन आलेली बस रस्त्यावर सोडायची की नाही ते हे ठरवत. यांनी मान हलवली नाही तर मोठे साहेबसुद्धा बस हलवत नसत. घरी मात्र यांना निराळाच नाद होता. भंगारातून जुन्या गाडीचा सांगाडा आणायचा, कापून बुटका करायचा आणि त्यात दांडगे इंजिन बसवायचे. अशा गाडीला हॉट रॉड म्हणतात हे मला लग्नानंतर कळले. पहिली गाडी यांनी बांधायला घेतली तेव्हा आमची मुलगी चार वर्षांची होती. आम्ही तिला टिल्ली म्हणत असू. ती सहा वर्षांची झाली तेव्हा गाडी पळू लागली.

अडतीस वर्षांपूर्वी एका रविवारी तलावावरून परत येताना ती गाडी वळणावर मागून फिरली आणि पुलाच्या कठड्यावर आदळली. गाडीत तिघे होते. पुढे माझे पती आणि माझा भाऊ, मागे टिल्ली. माझी त्या दिवशी काट्यावर ड्यूटी होती. टिल्ली जागच्या जागी गेली. भावाचा उजवा पाय मोडला, डोक्याला मार लागला, चार दिवस तो बेशुद्ध होता. यांच्या कपाळाला तीन टाके पडले. यांनी पोलिसांना जबाब दिला की मेहुणा चालवत होता.

भावाला चौदा महिने तुरुंग झाला. लायसन्स गेले. पाय आखूड राहिला. मी दवाखान्यात त्याला एकदाच भेटायला गेले. खाटेशी उभी राहून म्हटले, "तू कसा रे वाचलास?" आणि परत आले. त्यानंतर सत्तावीस वर्षे त्याचे तोंड पाहिले नाही. कोणी त्याचा विषय काढला की मी उठून आत जात असे. पुढे कोणी काढेनासे झाले.

मी साठ वर्षांची होऊन निवृत्त झाले त्या साली यांनी शेडमध्ये दुसरी गाडी बांधायला घेतली. मला आश्चर्य वाटले, पण मी काही म्हटले नाही. मी तेव्हा बहुतेक गोष्टींना काही म्हणत नसे. काही महिन्यांत सांगाडा झाला, इंजिन बसले, मागचा आस आला. मग यांनी मागच्या दांड्यांचे काम काढले आणि ते संपेचना.

हे दांडे काय ते सांगते, कारण पुढच्या एका कलमाला त्याची गरज आहे. मागची दोन चाके ज्या आसावर फिरतात तो आस गाडीला चार दांड्यांनी धरून ठेवलेला असतो. दोन खाली, दोन वर. शिवाय एक आडवा, आस डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून. दांड्याच्या टोकाला आटे असतात, ते फिरवून दांडा लांब किंवा आखूड करता येतो. खालच्या दोघांनी आस काटकोनात बसवायचा. वरच्या दोघांनी त्याचे इंजिनाकडचे नाक किती वर, किती खाली ते ठरवायचे. एक दांडा केसभर चुकला तर गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. मला यातले काही कळत नव्हते. आता पाठ आहे, कारण अकरा रविवार मी त्या गाडीत नुसती बसून काढले.

हे माप रिकाम्या गाडीवर घेऊन चालत नाही. माणसे बसल्यावर गाडी जेवढी दबते तेवढी ती दबलेली लागते. चालवणाऱ्याच्या जागी यांनी स्वतःच्या वजनाच्या वाळूच्या गोण्या ठेवल्या. आमच्या काट्यावर दहा किलोच्या आतले काही दिसत नाही, म्हणून भंगारवाल्याच्या तराजूवर तोलून आणल्या. शेजारच्या जागेसाठी मला म्हणाले, "तू बस. तुझं वजन हवंय."

"इतक्या वर्षांनी माझं वजन पडलं म्हणायचं घरात," मी म्हटले.

हे हसले. बऱ्याच दिवसांनी हसले असावेत, कारण मला ते लक्षात राहिले.

गाडीला अजून तळाचा पत्रा नव्हता. माझ्या पायांशी खाली फरशी दिसे, फरशीवर खडूच्या रेघा, रेघांवर टोक टेकलेला ओळंबा. हे पाठीवर निजून सरकत आत जात. वरून मला यांचा फक्त हात दिसे, मनगटापर्यंत, आणि हातातला पाना. आम्ही त्या उघड्या तळातून बोलत असू. दूध आले का, विजेचा माणूस येऊन गेला का. घरात आम्ही समोरासमोर बसून एवढेही बोलत नव्हतो.

सातव्या रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला हे खालून म्हणाले, "अगं."

"काय?"

"हलू नकोस हं."

"नाही हलत."

"त्या दिवशी गाडी मी चालवत होतो."

यांचा हात खालच्या दांड्यावर होता. तो तसाच होता.

"कुठल्या दिवशी?" मी विचारले. कुठल्या ते मला कळले होते.

"तलावाच्या."

मग यांनीच सांगितले. हळूहळू सांगितले, मधून मधून पाना फिरवत. पहिल्या गाडीच्या डाव्या दांड्याचे बोल्टचे भोक झिजून मोठे झाले होते. महिनाभर वळणावर मागून टक असा आवाज येत होता. आवाज कसला ते यांना कळत होते. आगारात अशी बस आली असती तर यांनी फाटकाबाहेर सोडली नसती.

"मग?" मी म्हटले.

"रविवारी बघू म्हणत होतो. मग रविवारी तिने तलावाचा हट्ट धरला."

"आणि जबाब?"

"पहिला माणूस धावत आला त्याने विचारलं, कोण चालवत होतं? तोंडातून निघून गेलं. मग तो माणूस सगळ्यांना सांगत सुटला. मग पोलीस आले, त्यांनी तेच लिहून आणलं होतं, मी सही केली. मला वाटलं, तुझा भाऊ काही उठत नाही यातनं."

"तो उठला."

"हो."

मी विचारले, "माप झालं का?"

"डाव्या बाजूचा वरचा राहिलाय."

"करा मग."

यांनी तो केला. चाळीस मिनिटे लागली. मी हलले नाही. मग हे बाहेर सरकले, उठून बसले, हातावरचे ग्रीस पुसत राहिले. मी गाडीतून उतरून आत गेले आणि चहा टाकला. दोन कप टाकला. पुढच्या रविवारी हे म्हणाले, "बसतेस का?" आणि मी बसले. चार रविवार आणखी लागले.

लोक विचारतील की नवऱ्याला सोडून का गेली नाहीस, निदान आरडाओरडा का केला नाहीस. काट्यावर कधी कधी ट्रक उभा असतो आणि आकडा हलतच नाही. आम्ही साहेबांना फोन करून सांगत असू की काटा अडकलाय. एवढेच मला सांगता येईल.

त्या रविवारनंतर चौथ्या आठवड्यात मी भावाच्या दुकानात गेले. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. मागे किल्ल्यांच्या माळा, पुढे एक फळी. तो कानस चालवत होता. डोके पांढरे झाले होते. वर न बघता म्हणाला, "काय बिघडलंय?" मग त्याने मान वर केली आणि कानस खाली ठेवली.

"ताई," तो म्हणाला. "थांब, स्टूल पुसतो."

त्याने स्टूल पुसले. मी बसले.

"गाडी ते चालवत होते," मी म्हटले.

"हो."

"तुला माहीत होतं."

"शेजारी मीच बसलो होतो ना, ताई."

"मग बोलला का नाहीस?"

"शुद्धीवर आलो तेव्हा जबाब होऊन गेला होता. तरी म्हटलं, कोर्टात सांगू. फार चिडलो होतो मी. मग तू आलीस दवाखान्यात." तो फळीवरचा कीस बोटाने गोळा करत होता. "तुझ्याकडे बघितलं आणि वाटलं, हिला हे आता कुणावर तरी टाकायचंच आहे. माझ्यावर टाकलं तर घरी जाऊन दोन घास खाईल. त्यांच्यावर टाकलं तर जाईल कुठे?"

"तुला कोणी सांगितला होता हा शहाणपणा?"

"कोणी नाही."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आले. त्याला एकाच्या दोन किल्ल्या करून हव्या होत्या. भावाने त्या करून दिल्या, कुलपात फिरवून दाखवल्या. मी स्टुलावर बसून होते. गिऱ्हाईक गेल्यावर त्याने विचारले, "चहा सांगू?" मी हो म्हटले. मला रडू आले नाही. त्यालाही नाही.

त्यानंतर दर गुरुवारी मी त्या स्टुलावर तासभर बसत आले आहे.

घरी मी यांना सांगितले, "जे मला सांगितलंत ते लिहून द्या." हे म्हणाले, "देतो." मी टेबलावर कागद आणि पेन ठेवले. दोन वर्षे ते तिथेच होते. हे त्या कागदांवर दांड्यांची मापे लिहीत. एके दिवशी दाढी करताना हे न्हाणीघरात कोसळले आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपले होते. लिहून दिलेले काही नाही. वकीलबाईंनी विचारले, पुरावा काय? पुरावा नाही. मी सांगते आहे, एवढेच आहे.

आता माझ्याविषयी. हे गेले त्या दिवशी माझा भाऊ दाराशी आला होता. माझी नणंद, मी त्यांना वन्सं म्हणते, दारात गेल्या आणि म्हणाल्या, "तू कशाला आलास इथे? एकीला मारलंस ते पुरलं नाही का?" मी चार हातांवर उभी होते. मी ऐकले. मी काही बोलले नाही. तो लंगडत परत गेला. यांनी तोंड बंद ठेवले ते सत्तावीस वर्षे, मी ठेवले ते अकरा. यांनी निदान खालून का होईना सांगितले. मी वन्संना दर आठवड्याला चहा करून दिला, त्यांनी यांचा फोटो पुसलेला पाहिला आणि सांगितले नाही. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी मला जे सांगितले ते पाहता आता आणखी थांबता येणार नाही.

भाऊ घर नको म्हणतो. "मला जिन्याखाली सवय झालीय, मोठ्या खोलीत झोप लागत नाही," म्हणतो. नको म्हणण्याचा त्याला हक्क आहे. पण आधी घर त्याच्या नावावर व्हावे, मग त्याने नको म्हणावे.

कलम दुसरे. गाडी.

शेडमधली काळी हॉट रॉड मी वन्संच्या मुलाला, म्हणजे आमच्या भाच्याला देते. जुन्या मृत्युपत्रात त्याला सगळे होते, आता गाडी आहे. तो आला की आधी शेडमध्ये जातो आणि मग घरात येतो, त्यामुळे त्याला फार चुकल्यासारखे वाटू नये. गाडी चांगली आहे. यांनी मला दोनदा फिरवले. सरळ रस्त्यावर स्टिअरिंगवरचे हात काढले तरी ती रेघेत जाते.

भाच्या, हे तुझ्यासाठी. मागच्या दांड्यांचे बोल्ट दर सहा महिन्यांनी पाहायचे. आवळायचे ते गाडी चारी चाकांवर, आपल्या वजनावर उभी असतानाच. जॅकवर उचलून आवळलेस तर आतले रबर पिळले जाते आणि खाली उतरवल्यावर फाटते. दोन्ही खालचे दांडे सारख्या मापाचे हवेत. मापे यांच्या अक्षरात टेबलाच्या खणात आहेत. गाडीबरोबर शेडच्या भिंतीवर टांगलेला जुना गंजका दांडाही तुला न्यायचा आहे. त्याशिवाय वकीलबाईंनी किल्ली देऊ नये. तो पहिल्या गाडीचा आहे. त्याचे भोक गोल असायला हवे, ते अंड्यासारखे झाले आहे. त्यात बोट घालून बघ. वळणावर मागून आवाज आला तर तिथल्या तिथे थांब, उतर आणि चालत घरी जा. तू फार जोरात चालवतोस.

कलम तिसरे. हत्यारे.

पान्यांचे दोन्ही डबे, ओळंबा, कोन मोजायचे यंत्र आणि गाडी टेकवायचे लाकडी घोडे आगारातल्या कार्यशाळेला द्यावेत. कानशी भावाला. यांचा तपासनिसाचा रबरी शिक्का, ज्याने हे "वाहन रस्त्यावर चालविण्यास योग्य" असे उमटवत, तो मी स्वतः फेकून दिला आहे. शोधू नये.

कलम चौथे. बँकेतली शिल्लक.

तिच्यातून कलम सहाचा खर्च करावा. उरेल ते भावाला.

कलम पाचवे. कपाटाच्या वरच्या फळीवर टिल्लीचे दप्तर आहे. आत दोन वह्या, एक पट्टी, एका पायाचा मोजा. त्याचे काय करावे ते मला अडतीस वर्षांत ठरवता आलेले नाही. म्हणून या कलमात काही लिहीत नाही.

कलम सहावे. अपघाताची बातमी ज्या वर्तमानपत्रात आली होती ते अजून निघते. मी गेल्यावर आठ दिवसांच्या आत त्यात चौकट देऊन पुढील मजकूर छापावा, एक शब्दही कमी-जास्त करू नये:

"अडतीस वर्षांपूर्वी तलावाच्या रस्त्यावर पुलाच्या कठड्यापाशी झालेल्या अपघातात सहा वर्षांची मुलगी गेली. ती गाडी मुलीचे वडील चालवत होते. मुलीचा मामा चालवत नव्हता. त्याने न केलेल्या चुकीची शिक्षा भोगली. नातेवाइकांनी आणि शेजाऱ्यांनी याची नोंद घ्यावी."

माझी भीती अशी की वन्सं हे छापू देणार नाहीत. त्यांचा भाऊ त्यांच्यासाठी देवमाणूस होता. त्यांच्या मुलाला मिळायचे घरही या कागदाने जाते आहे. कोर्टात जाऊन म्हातारीला भ्रम झाला होता असे त्यांना सहज म्हणता येईल. म्हणून त्यांनाच साक्षीदार म्हणून आज दुपारी बोलावले आहे. त्या आल्या आहेत. बाहेरच्या खोलीत डॉक्टरांशी बोलत बसल्या आहेत. कशावर सही करायची ते त्यांना अजून ठाऊक नाही. भाऊ आलेला नाही, त्याला मी येऊ नको म्हटले.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. यापलीकडे मला काही सांगायचे नाही. सर्व पाने मी वाचून पाहिली, खाडाखोड दोन ठिकाणी आहे, तिथे सही केली आहे.

सही (मृत्युपत्र करणारी)
स्थळ: राहते घर, आतली खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी, दुपारी साडेतीन

साक्षीदार पहिला. मृत्युपत्र करणाऱ्या बाईंनी माझ्या डोळ्यांसमोर, पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने सही केली. सही (डॉक्टर)

साक्षीदार दुसरी, मृत्युपत्र करणारीची नणंद. साक्षीदाराने फक्त सही होताना पाहायची, आतले वाचायची गरज नसते असे वकीलबाईंनी सांगितले. मी चष्मा मागवून पहिल्यापासून सगळे वाचले. माझ्या भावाने यातले मला कधी काही सांगितले नाही. मला फार राग आलेला आहे, कोणाचा ते नीट कळत नाही. वहिनी खोटे लिहिणार नाहीत एवढे कळते. मुलगा कोर्टात जाणार नाही, त्याचे मी बघते. कलम सहामधल्या मजकुराखाली कोणाचे नाव छापायचे ते वहिनींनी लिहिलेले नाही. माझे छापावे. सही